मदत हवी आहे: रात्रीच्या रेडिओ निवेदकाच्या सी-९० (९० मिनिटांच्या) कॅसेट

मंडळी, रेडिओच्या मिडियम वेव्हवरून रात्री उतरवलेल्या फर्माईशी कार्यक्रमांच्या कॅसेट संगणकावर घेणं चालू आहे. गाणी कुठंही मिळतील, मधलं निवेदकाचं बोलणं मिळणार नाही. डेकचं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलंय, लाइन-आउटमधून रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो.

घोडं अडलंय ते एका कॅसेटपाशी. हेडसमोरच्या पत्र्याच्या पट्टीवरचा फेल्टचा तुकडा गळून पडलाय. फीत हेडला टेकत नाही, ‘स’ आणि ‘श’ पार गायब. खोकं स्क्रूचं नाही, चिकटवलेलं. ते फोडून रिळं स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये घालावीत, की पुढच्या फटीतून नुसती पट्टी बदलता येते? सी-९०ची फीत पातळ, जरा ताणली की कामातून गेली.

शिवाय आवाज मधूनच बुडतो. रात्रीच्या रेडिओ लहरींचं फेडिंग (सिग्नल मधूनच क्षीण होणं) असतं तर आवाज बुडताना रेडिओची खरखर वाढली असती. इथे तीही सोबतच जाते. हेडवर तपकिरी भुकटी जमते, म्हणजे फितीवरचा चुंबकीय लेप सुटतोय का? (खान्देशातला मे महिना आणि कॅसेट पत्र्याच्या पेटीत!)

जळगाव-भुसावळकडे असं काम करणारे कारागीर किंवा जुन्या कॅसेटची खोकी कुठं मिळतील?