दानाच्या ब्लँकेटसाठी चौकोन: तुम्ही कोणता नमुना निवडता?

दान द्यायच्या ब्लँकेटचे चौकोन आपल्यापैकी बरेच जण विणतात. एकीचा चौकोन दुसरीच्या शेजारी बसणार, तिसरी ते जोडणार आणि ब्लँकेट पांघरणार भलतंच कुणीतरी. अशा कामासाठी नमुना कसा ठरवता, काय आवडीने घेता, काय टाळता, ते सविस्तर लिहा. सुयांवरचं, क्रोशाचं, दोन्ही चालेल.

सुरुवात मी करते. माझा नमुना ठरलेला आहे, गार्टरचा तिरका चौकोन. दोन-तीन टाक्यांवर सुरू करायचं, प्रत्येक सुई, म्हणजे ओळ, सुलट विणायची आणि दर सुईच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा. कड २० सेंमी भरली की त्याच क्रमाने एकेक टाका कमी करत यायचं. लोकर जाड असो की बारीक, हात सैल असो की घट्ट, चौकोन मापात येतो, कारण यात टाके मोजावेच लागत नाहीत, फक्त कड मोजायची. उरलेल्या लोकरीच्या गुंड्यांसाठी मला याहून सोयीचं काही मिळालेलं नाही.

*

मी विणते कमी, जोडते जास्त. त्यामुळे माझी कळकळीची विनंती: नमुन्याआधी माप बघा. ते संस्थेगणिक वेगळं असतं. ‘वॉर्म अप अमेरिका’चे तुकडे ७ बाय ९ इंचांचे, ४९ जोडले की एक ब्लँकेट. ‘निट-अ-स्क्वेअर’चे ८ इंचांचे चौकोन, ३५ लागतात.

आता विणीबद्दल. रिब (उभ्या पट्ट्यांची वीण) आणि केबल (वेणीसारखी वीण) आत ओढतात. ताणून धरल्यावर बरोबर भरलेला रिबचा चौकोन गार्टरशेजारी शिवला की सोडल्याबरोबर आक्रसतो आणि शेजारच्याला चुण्या पडतात. एक सुई सुलट, एक सुई उलट अशी साधी वीण कडांना गुंडाळते, म्हणून तिला चारही बाजूंनी गार्टरची चार-पाच टाक्यांची पट्टी द्या. क्रोशाचं वॅफल (खोलगट चौकटींची वीण) दिसतं सुंदर, पण लोकर खूप खातं आणि इतकं जाड होतं की पातळ चौकोनाशेजारी ते एकटंच वर उठून राहतं. सगळेच चौकोन वॅफलचे असतील तर मात्र ब्लँकेट फार ऊबदार होतं.

मापात फरक पडणारच असेल तर किंचित लहान पाठवा. लहान चौकोनाभोवती सिंगल क्रोशेची (क्रोशाच्या आखूड टाक्याची) एक फेरी घालून मी तो मापात आणते. मोठ्याला कमी करायला काही उपाय नाही. आणि शेवटचा धागा कापताना तीस-चाळीस सेंमी लांब ठेवा, मला त्यानेच शिवता येतं.

*

मी घेणाऱ्या बाजूने लिहिते. माझं बाळ वेळेच्या खूप आधी जन्मलं आणि हॉस्पिटलमध्ये आम्हाला कुणीतरी विणलेलं छोटं ब्लँकेट मिळालं. कुणी विणलं ते कधीच कळलं नाही. त्या दिवसांत आमच्या बाळाची म्हणता येईल अशी तिथे तेवढी एकच वस्तू होती.

त्या ब्लँकेटची वीण अगदी सलग होती आणि ती का, हे नर्सने सांगितलं: एवढ्याशा बोटांना जाळीत अडकायला वेळ लागत नाही. आता मी बाळांसाठी विणते तेव्हा नेहमीचा जाळीचा ग्रॅनी स्क्वेअर (मधून बाहेर फेऱ्यांत विणलेला क्रोशाचा चौकोन) घेत नाही. सलग ग्रॅनी घेते, प्रत्येक खांबावर (क्रोशाच्या उंच टाक्यावर) एक खांब आणि कोपऱ्यात दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. दोन रंगांची नक्षी विणताना मागे लोंबणारे धागेही बाळांच्या कामात नकोत.

*

सांधे दुखतात म्हणून सुया सोडल्या, क्रोशा जमतो. एक सिंगल क्रोशे, एक साखळी; पुढच्या ओळीत साखळीच्या जागेत सिंगल क्रोशे. दोन्ही बाजू सारख्या, कड सरळ, आणि मधेच ठेवलं तरी कुठे होतो ते लगेच दिसतं.

*

मी शाळेतल्या मुलांना शिकवते. गार्टरच. जितके टाके घातले तितक्या उठावाच्या रेघा झाल्या की चौकोन जवळजवळ पुरा होतो (एक रेघ म्हणजे दोन सुया). मग कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरकी घडी घालायची. कडा जुळल्या की टाके बंद. हे मुलांना स्वतःचं स्वतः तपासता येतं, आणि तेव्हा त्यांचे चेहरे बघावेत!

*

साध्या विणीच्या बाजूने सगळे बोलताहेत, पण मला एका ठिकाणी वेगळं वाटतं. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता. हात सतत काहीतरी चाचपत असायचे. गाठीगाठींचा बॉबल, टोपलीच्या विणीसारखा बास्केटवीव्ह, उठावाच्या रेघा असे वेगवेगळे चौकोन जोडलेलं ब्लँकेट मांडीवर ठेवलं की ते बराच वेळ शांतपणे त्यावरून बोटं फिरवायचे. ज्येष्ठांच्या निवासासाठी विणत असाल तर पोत जरूर येऊ द्या. बॉबल फक्त घट्ट हवेत, ओढून सुटणारे नकोत.

*

वरच्या सगळ्यांत लोकर कोणती घ्यावी ते कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. खरी लोकर गरम पाण्यात, मशीनमध्ये आटते, अ‍ॅक्रिलिक आटत नाही. दोन्ही एकाच ब्लँकेटमध्ये आली तर पहिल्या धुण्यातच ते वेडंवाकडं होतं. संस्थेने सांगितलं नसेल तर अ‍ॅक्रिलिक घ्या, त्यावर गरम इस्त्री दाबू नका, आणि चौकोनाला चिठ्ठी बांधून कोणता धागा वापरलाय ते लिहा. जोडणारीला त्याप्रमाणे वेगळे ढीग लावता येतात.