ख्रिसमस कॅक्टसच्या कांड्या कुजतात म्हणून

ताई, ख्रिसमस कॅक्टसच्या कांड्या लावल्या की कुजतात, असं विचारलंत ना? कांडी तोडली त्याच दिवशी लावून रोज पाणी घातलंत, तिथेच घोटाळा झाला. नाव कॅक्टस असलं तरी हे वाळवंटातलं झाड नाही. ब्राझीलच्या आग्नेय भागातल्या दमट डोंगरांत ते झाडांच्या फांद्यांवर, खडकांच्या खाचांत वाढतं. मुळांना ओलावा हवा, पण हवाही तितकीच हवी. आपली नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कांडी कुजणारच.

दोन-तीन पेरांचा (पानासारख्या चपट्या भागांचा) तुकडा सांध्यावर हलकेच पिळून काढा; कात्री नको. दोन दिवस सावलीत ठेवा, जखम सुकू द्या. ही पायरी कृपया गाळू नका. मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घेऊन खालचं पेर अर्धं खोचा. वरचा थर सुकला की थोडंसंच पाणी. महिन्याभरात टोकाला लालसर कोंब दिसला की मूळ धरलं समजा. एका कुंडीत तीन-चार कांड्या लावल्या की झाड भरगच्च होतं.

मी गंगापूर रोडच्या घरी पूर्वेच्या गॅलरीत ठेवते. एप्रिल-मेमध्ये लावू नका, पावसाळा ओसरल्यावर लावा. आणि कळ्यांसाठी ऑक्टोबरपासून रात्री कुंडीवर दिव्याचा उजेड अजिबात पडू देऊ नका. लांब, काळोख्या, गार रात्रींनीच कळ्या धरतात.