उवे की ऑटो? दुःखी, चिडक्या म्हाताऱ्याची गोष्ट कुणाला जमली

उत्तररंग (धागाकर्ता)

दोन्ही चित्रपटांचा शेवट इथे चर्चेत येणार आहे. पाहायचे राहिले असतील तर आधी पाहून या.

‘अ मॅन कॉल्ड उवे’ (२०१५, दिग्दर्शक हानेस होल्म) हा स्वीडिश चित्रपट आणि ‘अ मॅन कॉल्ड ऑटो’ (२०२२, दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर) हा त्याचा अमेरिकी अवतार. दोन्हींच्या मुळाशी फ्रेडरिक बाकमनची २०१२ची कादंबरी. बायको गेली, नोकरी गेली, वसाहतीत येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरत फिरणं तेवढं उरलं, असा एक माणूस जगणं संपवायचं ठरवतो. नेमकं तेव्हाच समोर एक गरोदर बाई नवरा-मुलींसह राहायला येते आणि त्याचा बेत हाणून पाडत राहते.

माझं म्हणणं असं की अमेरिकी चित्रपटाने प्रसंग बहुतेक सगळे उचलले, पण एका प्रसंगातून दुसरा का निघतो याची कारणं गाळली. त्यामुळे शेवटी डोळे भरून येतात, पण ते श्रेय पटकथेचं नाही, ऑटो झालेल्या टॉम हँक्सचं.

सुरुवातच बघा. उवे पहिल्याच दृश्यात फुलांच्या गुच्छावरून भांडतो. सवलत दोन गुच्छांवर आहे, याला एकच हवा आहे आणि तोही सवलतीच्या भावात. हा माणूस फुलं कुणासाठी घेतोय? उत्तर मिळतं ते थेट कबरीपाशी. म्हणजे प्रेम आधी दिसलं, मरणाची इच्छा नंतर कळली. ऑटो दुकानात दोर विकत घेतो. त्याला पाच फूट हवा, दुकानाचा हिशेब यार्डात, म्हणून बिल सहा फुटांचं. वाद विनोदी आहे, पण माणूस काय करणार हे पहिल्या पाच मिनिटांत कळून चुकतं आणि पुढचा तासभर आपण फक्त ‘आता कोण अडवणार’ याची वाट पाहतो.

दुसरी गोष्ट बालपणाची. उवेचा बाप रेल्वेत कामाला. अबोल, सचोटीचा, साब मोटारीचं इंजिन उघडून पोराला शिकवणारा. पोराचे मार्क पाहून हरखतो आणि त्याच आनंदात फलाटावरून गाडीखाली जातो. पुढे पांढऱ्या शर्टातले अधिकारी उवेच्या घरावर टपतात. शेजारच्या घराला आग लागते तेव्हा तो आतल्या माणसांना बाहेर काढतो आणि त्याचं स्वतःचं घर मात्र जळू दिलं जातं. म्हातारपणी पांढरे शर्ट पुन्हा दारात आले की त्याचा संताप का उसळतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. ऑटोला बालपणच नाही. त्याचा संताप हा नुसता स्वभाव होऊन बसतो.

कात्री

असहमत, आणि जरा सविस्तर.

बालपण कापणं हा माझ्या मते रिमेकमधला सर्वांत योग्य निर्णय आहे. स्वीडिश चित्रपटाची घडण बघा: जीव देण्याचा प्रयत्न, उवेच्या आवाजातलं निवेदन, भूतकाळाचा लांब तुकडा, मग दारावर थाप. पहिल्यांदा हे चकित करतं. तिसऱ्यांदा थाप पडणार हे ठाऊक असतं, त्यामुळे वर्तमानातल्या दृश्यातला ताण संपतो आणि ते भूतकाळात उतरायचं दार तेवढं उरतं. निवेदनाचा तोटा आणखी वेगळा. जो माणूस कुणाशी धड बोलत नाही तो आपल्याशी मात्र मोकळेपणाने बोलतो, मग त्याच्या अबोलपणाची झळ आपल्याला लागणार कशी?

ऑटोमध्ये भूतकाळ त्याच्या बायकोच्या, म्हणजे सोन्याच्या भेटीपासून सुरू होतो आणि तिच्यापाशीच थांबतो. तो माणूस कसा घडला हा प्रश्न सोडून तो काय गमावून बसलाय यावर सगळं लक्ष. शोकाच्या गोष्टीला हेच हवं.

आणि लांबी बघा. उवे ११६ मिनिटांचा, ऑटो १२६. बालपण कापूनही दहा मिनिटं जास्त, म्हणजे वेळ वाचवायला कापलेलं नाही. ती मिनिटं समोरच्या गरोदर मारिसोलला आणि बाकी शेजाऱ्यांना मिळाली.

गोथेनबर्गकर

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली, ती म्हणजे वसाहत. उवे राहतो तशा वसाहतींचा कारभार इथे स्वीडनमध्ये रहिवाशांची संघटना पाहते. अध्यक्ष, कार्यकारिणी, नियम, वार्षिक सभा. आपल्या हाउसिंग सोसायटीत वावरलेल्याला हे समजावून सांगायला नको. उवे या संघटनेचा अध्यक्ष होता आणि शेजारी मित्र रुनेने त्याला खाली खेचलं. पद गेलं तरी सकाळची फेरी चालूच. गॅरेजची दारं हलवून बघायची, कचऱ्याचं वर्गीकरण तपासायचं, आतल्या रस्त्यावर मोटार आणणाऱ्याला हाकलायचं. पदाशिवाय केलेलं हे काम म्हणजेच त्याचा शोक आहे. तो थांबला तर घरात फक्त सोन्याची रिकामी जागा आहे.

आता मोटारींबद्दल. उवे साबवाला, रुने व्होल्वोवाला. दोघांचं वैर नव्या मॉडेलागणिक वाढत जातं आणि रुने बीएमडब्ल्यू घेतो तेव्हा संबंध तुटतात. रिमेकमध्ये शेवरले आणि फोर्ड, आणि रूबेन (तिथला रुने) टोयोटा घेतो. अदलाबदल वरवर चोख आहे. पण साबची मोटार कंपनी २०११च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली आणि कादंबरी आली २०१२ला. गोथेनबर्गच्या उत्तरेला ट्रोलहेटनमध्ये तिचा कारखाना होता, सगळं गाव त्यावर उभं. जिच्यावर निष्ठा ठेवली ती कंपनीच उरली नाही, हे स्वीडिश प्रेक्षकाला न सांगता कळतं. शेवरले आजही शोरूममध्ये आहे. तिथे ती निष्ठा म्हणजे निव्वळ हट्ट.

कात्री

शेवरले शाबूत आहे हे खरं, पण ऑटो पिट्सबर्गच्या परिसरात राहतो आणि पोलाद कंपनीतून बाहेर पडतो. पोलादावर उभ्या राहिलेल्या त्या शहराची पडझड अमेरिकी प्रेक्षकाला समजावून द्यावी लागत नाही. साबची जागा तिथे मोटारीने नाही, नोकरीने घेतली आहे. निरोपाच्या केकवर त्याचाच चेहरा छापलेला असतो आणि तो कापला जातो, हे दृश्य मला उवेला ४३ वर्षांच्या नोकरीनंतर मिळालेल्या फावड्याइतकंच बोचतं.

पडद्यामागे

अभिनयाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

उवे झालेला रोल्फ लासगोर्ड तेव्हा साठीचा होता. रंगभूषा एव्हा फॉन बार आणि लव्ह लार्सन यांची. त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं, चित्रपटाला परभाषेच्या विभागात आणखी एक. टक्कल, कपाळ, मानेची घडी हे सगळं इतकं बेमालूम आहे की रंगभूषेचं नामांकन कशासाठी असा प्रश्न लोकांना पडला होता. लासगोर्ड धिप्पाड आहे. तो दारात उभा राहिला की दार भरतं आणि समोरच्याला खरोखर भीती वाटते. ती भीती वाटल्याशिवाय समोरची शेजारीण पारवानेह त्याला न घाबरता उलट बोलते याला किंमत येत नाही.

हँक्सबद्दल आदर आहे, पण तो रागावला तरी माणूस मुळात चांगला आहे हे प्रेक्षक घरूनच ठरवून आलेला असतो. पटकथेला जे तासभर खपून सिद्ध करायचं, ते पहिल्या दृश्याआधीच झालेलं. तरुण ऑटो हँक्सच्याच मुलाने, ट्रुमनने केला आहे. चेहरा जुळतो, पण तो सौम्य आणि बुजरा वाटतो. हाच पुढे इतका कडक झाला हे पटवायला मधला दुवा नाही. फिलिप बर्गच्या तरुण उवेत ताठा आधीपासून आहे.

दोन्हींतला ट्रेलर मागे घेण्याचा प्रसंग शेजारी ठेवून बघा. ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं. नवखा माणूस घाबरून आणखी वळवतो, गाडी आणि ट्रेलर कोनात दुमडतात, मग पुढे घेऊन सरळ केल्याशिवाय सुटका नाही. शेजारीण बाईच्या नवऱ्याचं नेमकं हेच होतं. म्हातारा त्याला खाली उतरवतो आणि एका दमात गाडी लावतो. वाक्यं जवळपास तीच, पण लासगोर्डचं शरीर सांगतं की हे त्याने हजारदा केलंय. हँक्स काम झाल्यावर प्रतिक्रिया देतो आणि दृश्य त्या प्रतिक्रियेसाठी कापलेलं आहे.

तिसरी घंटा

पडद्यामागे, लासगोर्डबद्दल पूर्ण सहमत. पण मारिसोलबद्दल एक शब्द नाही? मारियाना त्रेविन्यो हेच रिमेक बघण्याचं पहिलं कारण आहे. बहार पार्सची पारवानेह चांगलीच आहे, पण तिला बरेचदा उवेचा आरसा म्हणून उभं केलंय. मारिसोल स्वतः थकलेली, घाबरलेली, तरी हसणारी बाई आहे. मोले या मेक्सिकन रश्शातली कोंबडी घेऊन येते तेव्हा ती दया दाखवायला आलेली नसते, तिला परक्या गावात शेजार हवा असतो.

गाडी शिकवण्याच्या दृश्यात हे स्पष्ट दिसतं. गाडी हातगिअरची, सिग्नलवर बंद पडलेली, मागचा हॉर्न वाजवत सुटलेला. म्हातारा उतरून त्याला दम भरतो, मग परत येऊन तिला तिनेच केलेल्या गोष्टी मोजून दाखवतो: बाळंतपणं, देश सोडणं, नवी भाषा शिकणं, त्यापुढे गाडी ती काय. स्वीडिशमध्ये हा क्षण उवेचा आहे. रिमेकमध्ये ऐकणारीच्या चेहऱ्यामुळे तो दोघांचा होतो.

समुपदेशन_नाशिक

माझा आक्षेप दोन्ही चित्रपटांवर आहे. जीव देण्याच्या प्रयत्नाला विनोदाची रचना दिली की प्रेक्षक ‘पुढचा अडथळा कोणता’ यावर हसायला लागतो. बायको जाणं, नोकरी जाणं, एकटं राहणं आणि सामान आवरून निरवानिरव करणं हे सगळं एकत्र दिसलं की प्रत्यक्षात ती धोक्याची ठळक खूण असते. तिथे योगायोगाने थाप पडेल अशी वाट पाहायची नसते. सरळ विचारायचं, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने विचार पेरला जात नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. आपल्याकडे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

याच विषयावर मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट आहे. तिथे जानकी जीव देऊ पाहणाऱ्या मुलाला घरी आणते आणि उत्तरं मागत नाही. खाणं, झोप, कोकणातला किनारा, सोबत. बरं होणं हळू आणि कंटाळवाणं दाखवायला धाडस लागतं. उवे आणि ऑटो ते धाडस टाळतात.

तरी एक गोष्ट दोघांनी अचूक पकडली. म्हाताऱ्याला कुणी समजावत नाही, सगळे त्याला काम सांगतात. त्या जुन्या मित्राच्या बायकोचे, अनिताचे, घर गरम ठेवणारे रेडिएटर तापत नाहीत. हवा अडकली की वरचा भाग गार राहतो. कडेच्या व्हॉल्व्हला किल्ली लावून थोडं सैल करायचं, हिस्स करून हवा जाते, पाणी यायला लागलं की घट्ट करायचं. पाच मिनिटांचं काम, पण त्यासाठी त्याला वैर असलेल्या मित्राच्या घरात पाय ठेवावा लागतो. शोकात असलेल्या माणसाला ‘काही लागलं तर सांग’ म्हणण्यापेक्षा ‘हे जरा करून दे’ म्हणणं जास्त उपयोगी पडतं.

उत्तररंग

समुपदेशन_नाशिक, विनोदाबद्दलचा आक्षेप मान्य. पण याच मुद्द्यावर स्वीडिश चित्रपट मला जास्त जबाबदार वाटतो, कारण भूतकाळाच्या तुकड्यांमुळे प्रत्येक प्रयत्नाला वजन येतं. कात्री ज्याला ‘दार’ म्हणतात, तेच हसू थांबवतं.

कात्री

मग खलनायकाचं काय? रिमेकमध्ये पांढरे शर्ट नाहीत, जमीन बळकावणारी बांधकाम कंपनी आहे. ती रूबेन-अनिताच्या जपानमधल्या मुलाला गाठते आणि त्याच्या संमतीने रूबेनला घरातून हलवायचा घाट घालते. आईबाप इथे, मुलगा परदेशात, घरावर बिल्डरचा डोळा. पुण्या-मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांत हे चित्र कुणाला अनोळखी आहे? उवेच्या आयुष्यभर पाठीस लागलेल्या अधिकाऱ्यांपेक्षा हा शत्रू मला अधिक खरा वाटतो.

गोथेनबर्गकर

खरा आहे, पण उशिरा येतो आणि एका बातमीने पळतो.

तिसरी घंटा

‘स्वीडिश म्हणजे संयत, अमेरिकी म्हणजे गोग्गोड’ हे समीकरण इथे कुणी उघड मांडलं नाही, पण बहुतेकांच्या मनात आहे. शेवट आठवा. दोन्हींत मरण सांगितलंय ते न झालेल्या कामातून: बर्फ पडलाय आणि दारापुढची वाट साफ झालेली नाही. शेजाऱ्याला खिडकीतूनच कळतं. या एका दृश्याला दोन्ही दिग्दर्शकांनी हात लावला नाही हे शहाणपण. पण त्यानंतर होल्म उवेला पुन्हा रेल्वेच्या डब्यात जागा करतो, समोर सोन्या. मेल्यावर भेट झाली हे तो डोळ्यांनी दाखवतो. फॉर्स्टर पत्र, मांजराच्या खाण्याच्या सूचना आणि वसाहतीचं फाटक यावर थांबतो. कोण जास्त भावुक?

उत्तररंग

तो डबा मी काढून टाकला असता, हे कबूल. पण तो आला कुठून ते बघा. उवेला सोन्या रेल्वेतच भेटली आणि तिच्यासाठी तो कित्येक दिवस उलट्या दिशेने प्रवास करत राहिला. बाप गेला तोही रेल्वेखाली, नोकरीही रेल्वेत. शेवटची गाडी भावुक असेल, पण ती तासभर आधीपासून रुळावर आहे. ऑटोमध्ये सोन्याच्या बस अपघाताच्या भूतकाळावर इंग्लिश गायिका केट बुशचं गाणं चढवलंय. गाणं थोर आहे, पण त्या चित्रपटाच्या जगातलं नाही. ते काढून ते दृश्य बघा आणि सांगा, किती उरतं.

कात्री

आवाज बंद करून बघेन. तुम्ही उवेचं निवेदन बंद करून बघा, मग बोलू.