दोनपैकी कोणती गाडी बदलावी?

शिकागो परिसरातल्या मंडळींना नमस्कार,

यंदा घरातली एक गाडी बदलायची आहे. जुनी सात सीटर एसयूव्ही गॅलनला १८ मैलांचं अ‍ॅव्हरेज देते, सेदान ३२ चं. दोन्ही वर्षाला साधारण १२,००० मैल चालतात. सेदान काढून कोरोला हायब्रिड घ्यावी असं माझ्या मनात आहे. तिच्या स्टिकरवर ५० चा आकडा आहे, म्हणजे एकदम १८ मैलांची वाढ. एसयूव्ही राहू दे, कारण सांगलीहून सासू-सासरे आले की आम्ही सहा जण होतो. कुणी असा हिशोब केला आहे का?

— नेपरव्हिल

*

ताई, कोरोलाची घाई करू नका. मैल किती वाढले ते बाजूला ठेवा आणि वर्षाकाठी गॅलन किती वाचतात ते मांडून बघा. १२,००० मैलांना सेदान ३७५ गॅलन पिते, कोरोला २४० पिईल. वाचले १३५. आता एसयूव्ही घ्या: तिला ६६७ गॅलन लागतात. तिच्या जागी ३६ अ‍ॅव्हरेजची सिएना, म्हणजे टोयोटाची हायब्रिड मिनीव्हॅन, आणली तर ३३३ लागतील. म्हणजे अर्धं पेट्रोल वाचलं! दोन्हीकडे वाढ १८ मैलांचीच, पण बचत जवळजवळ अडीचपट. गॅलनला साडेतीन डॉलर धरले, तर एकीकडे वर्षाला पावणेपाचशे डॉलर आणि दुसरीकडे साडेअकराशेच्या वर.

नव्या गाडीच्या खिडकीवरच्या स्टिकरवर १०० मैलांना किती गॅलन लागतात तेही छापलेलं असतं. अक्षर बारीक आहे, पण खरेदी करताना तोच आकडा वाचावा असं मी प्रत्येकाला सांगतो. शिवाय सिएनाची दारं सरकती आणि पायरी खाली, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढ-उतार सोपी जाते.

— शॉम्बर्ग

*

दादांचा हिशोब पटला, पण आपल्याकडचा जानेवारी त्यात धरलेला नाही. तापमान २० फॅरनहाइटवर आलं की शहरात साध्या गाडीचंही अ‍ॅव्हरेज ७७ फॅरनहाइटच्या तुलनेत १५ टक्क्यांच्या आसपास घसरतं. तीन-चार मैलांच्या फेऱ्या असतील तर २४ टक्क्यांपर्यंत. हायब्रिडची घसरण आणखी मोठी, ३० ते ३४ टक्के, असं सरकारी फ्युएल इकॉनॉमीच्या साइटवर दिलं आहे. थंडीत बॅटरी पुरेशी साथ देत नाही आणि केबिन गरम ठेवायला इंजिन चालू राहतं. शाळा, डेकेअर, पटेलचं दुकान अशाच फेऱ्या असतील तर हिवाळ्यात सिएनाकडून ३६ ची अपेक्षा ठेवू नका. तरीही ती गाडी एसयूव्हीच्या पुढेच राहील, कारण तिचेही १८ तेव्हा टिकत नाहीत.

आणि छतावरची सामानाची पेटी ट्रिपहून आल्यावर लगेच उतरवा. इंटरस्टेटच्या वेगात (ताशी ६५ ते ७५ मैल) मोठी पेटी १० ते २५ टक्के अ‍ॅव्हरेज खाते.

— ऑरोरा

*

किमतीचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. वापरलेली ओडिसी, म्हणजे होंडाची मिनीव्हॅन, ५,००० डॉलरनं स्वस्त मिळाली तर? तिचं अ‍ॅव्हरेज २२, म्हणजे १२,००० मैलांना ५४५ गॅलन. सिएनापेक्षा २१२ गॅलन जास्त, साडेतीनच्या भावानं सुमारे ७४० डॉलर. ५,००० भरून निघायला पावणेसात वर्षं लागतील. गाडी दहा वर्षं ठेवणार असाल तर सिएना, चार-पाच वर्षांत मुलं कॉलेजला जाणार असतील तर ओडिसी. आणखी एक फरक: ओडिसीच्या मधल्या सीट काढून ठेवता येतात, नव्या सिएनाच्या निघत नाहीत. फर्निचर आणायची सवय असेल तर हे आधी बघा.

हायब्रिडच्या बॅटरीची भीती मात्र बाळगू नका. २०२० मॉडेलपासून टोयोटा तिच्यावर १० वर्षं किंवा १,५०,००० मैलांची वॉरंटी देते.

— बफेलो ग्रोव्ह

*

सगळ्यांचे मनापासून आभार. सेदान राहील, एसयूव्ही जाईल. मुलं अजून सहावीत आणि तिसरीत आहेत, गाडी दहा वर्षं नक्की वापरू, म्हणून सिएनाच बघतोय. एकच विचारायचं आहे: तिसऱ्या रांगेत दोन मोठी माणसं तासभर नीट बसू शकतात का? कुणाकडे असेल तर रविवारी येऊन बसून बघू का?

— नेपरव्हिल