मदत हवी आहे: संतांकडे विनंती मागण्याबद्दल लुथरन नेमकं काय मानतात?

माझं माहेर ठाण्याचं, ईस्ट इंडियन कॅथलिक. सासर मूळ गुंटूरकडचं, लुथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या शिकवणीवर चालणारे प्रोटेस्टंट. आम्ही ऐरोलीत राहतो. आई दोन महिने अंथरुणाला खिळून आहे. संध्याकाळी तिच्या खाटेशी सगळे रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना) म्हणतात. नवरा मला घेऊन येतो, आईचे पाय चेपतो आणि रोझरी सुरू झाली की गॅलरीत जातो. परवा आईने विचारलं, "जावयांना मरियामाता मानवत नाही का गं?"

त्याला विचारलं तर म्हणाला, "आईंसाठी रोज प्रार्थना करतो, पण येशूकडे." मी म्हटलं, शेजारच्या काकूंना 'प्रार्थना करा' सांगतोस, मग संतांना का नाही? तो म्हणाला, "काकूंना ऐकू जातं हे मला ठाऊक आहे."

लुथरनांच्या मूळ श्रद्धापत्राचं, म्हणजे ऑग्सबर्गच्या विश्वासांगीकाराचं (१५३०) २१वं कलम वाचलं: संतांचं स्मरण करा, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवा, पण त्यांचा धावा करू नका, मध्यस्थ एकच, ख्रिस्त. पण ते लिहिणारा लूथरचा सहकारी मेलांख्थोनच त्याच्या समर्थनात १५३१ मध्ये मान्य करतो, की स्वर्गातले संत मंडळीसाठी प्रार्थना करतात. इथेच माझं अडतं. करतात, तर मागण्यात चूक काय? आणि त्याचं मन न दुखवता त्याला आईजवळ बसवता येईल का?

प्रतिसाद १:
मी लुथरन आहे. संत प्रार्थना करतात हे आम्ही नाकारत नाही. पण आपली हाक त्यांच्यापर्यंत पोचते असं वचन शास्त्रात नाही, आणि वचनाशिवाय प्रार्थना कशाच्या आधारावर करायची? दुसरी भीती अशी, की भरवसा ख्रिस्ताऐवजी संतांवर जातो. १५०५ मध्ये श्टोटर्नहाइमजवळ वीज कोसळली तेव्हा तरुण लूथरच्या तोंडी मरियेची आई संत ॲना आली. ख्रिस्त म्हणजे कडक न्यायाधीश आणि संत तेवढे मायाळू, असं तेव्हा लोकांच्या मनात बसलं होतं. ते आम्हाला फार जिव्हारी लागतं. मरियेबद्दल आकस नाही, हे आईंना नक्की सांगा. ठाण्यात १३२१ मध्ये मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन हुतात्म्यांबद्दलही आम्ही देवाचे आभार मानू शकतो.

आता रोझरी. तिच्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या 'नमो मरिया'चा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, देवदूत आणि अलिशिबेचे शब्द. लूथरने १५२२ च्या प्रार्थना-पुस्तकात तो ठेवला. 'विनंती कर' हा उत्तरार्ध तिथे नाही. रोझरीत पूर्वार्ध एकजण सांगतो, उत्तरार्ध बाकीचे म्हणतात ना? मग पुढे सांगायचं काम यजमानांनाच द्या. अर्थात त्यांना पटलं तर.

धागाकर्ती:
हे डोक्यातच आलं नव्हतं! आज त्याला विचारते. दहा मण्यांनंतरचं 'पित्याला गौरव' चालेल ना? आणि शेवटची लितानी, म्हणजे एकेक नाव घेऊन विनंत्या करायची प्रार्थना?

प्रतिसाद १:
गौरव निःशंक म्हणावं. लितानीला 'आम्हांसाठी विनंती कर' म्हणायचा आग्रह करू नका. तेवढा वेळ त्यांना आईंचा हात धरून बसू द्या.