अप-डाऊनचा वेळ तुम्ही कसा वापरता?

नाशिकला राहून रोज बाहेर कामाला जाणारे, किंवा सिन्नर, निफाड, पेठकडून रोज नाशिकला येणारे, आपण सगळे अप-डाऊनवाले. प्रवासात तुम्ही काय करता, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. नुसतं ‘गाणी ऐकतो’ असं नको, नीट तपशिलाने सांगा. कारण प्रत्येक वाहनात माणसाचं वेगळं काहीतरी मोकळं असतं. रेल्वेत हात आणि डोळे मोकळे असतात, घाटातल्या एसटीत फार तर कान. जे मोकळं असेल त्याला साजेसं काम सापडलं की ते महिनोन्महिने टिकतं, एवढं मी पाहिलंय.

सुरुवात मी करते. मी पंचवटी एक्सप्रेसची पासधारक. १९७५ पासून या गाडीने नाशिककरांना मुंबईच्या नोकऱ्यांवर पोचवलंय. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड, साडेदहाच्या आसपास सीएसएमटी, एका बाजूचं अंतर सुमारे १८७ किलोमीटर. एवढा वेळ सलग एकच काम होत नाही, म्हणून मी त्याचे तुकडे पाडलेत. नाशिकरोड ते इगतपुरी डोकं ताजं असतं, तेव्हा खात्याच्या परीक्षेसाठी नियम वाचते. इगतपुरी सुटली की बोगदे लागतात, मोबाइलची रेंज येते-जाते. तिथे पुस्तक मिटायचं आणि वाचलेलं मनातल्या मनात म्हणून बघायचं. जिथे अडतं तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात तिथूनच. सगळ्यात जास्त पाठांतर माझं घाटात झालंय. कल्याणनंतर उतरणाऱ्यांची घाई सुरू होते, तिथे वह्या पिशवीत.

परतीला अभ्यास नाही, शरीर ऐकत नाही. तेव्हा फक्त कथा. कसाऱ्याला घाट चढायला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं लागतात, ३७ फुटांना एक फूट असा तो चढ आहे. तेवढ्या थांब्यात घरी फोन होतो, कारण पुढे पुन्हा रेंज नाही.

आता तुम्ही सांगा.

नाशिक ते पेठ, एसटी

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सावळ घाटात वळणं इतकी की वाचलं की मळमळतं. वह्या तपासणं तर अशक्यच. सुरुवातीला क्रोशाची सुई घेतली. तिच्याकडे बघावं लागत नाही, बोटांना सवय झाली की पुरे.

पण खरा उपयोग शेजारच्या माणसांचा झाला. जाताना आणि परतताना बसला त्या भागातल्या कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाच्या बाया असतात, कुणी बाजाराला निघालेली, कुणी दवाखान्यात. त्यांना मी विचारत गेले. नागलीचं (नाचणीचं) रोप कधी टाकतात, रोपासाठी जमीन भाजायचा राब कशाचा करतात, आवणी म्हणजे रोपांची लावणी कुठपर्यंत आली, बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, यंदा कुणाचं सोंग आहे. आवणीत माझ्या वर्गातली मोठी मुलं घरी का राहतात आणि धाकट्यांना सांभाळायला कोण असतं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नव्हतं, बसमध्ये कळलं. आता आवणीच्या आठवड्यांत मी नवा धडा घेत नाही, उजळणी घेते. गणितात आंबे-केळी काढून नागलीचे वाफे आणि भाताच्या रोपांच्या मुठी घातल्या. पहिलीच्या मुलांनी लगेच तोंड उघडलं. उतरल्यावर स्टॉपवरच दोन ओळी टिपून ठेवते, नाहीतर शाळेच्या गडबडीत विसरतं.

सिन्नर ते अंबड एमआयडीसी, कंपनीची बस

फर्स्ट शिफ्टवाले आम्ही तिघे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करतोय. हे विद्यापीठ आपल्या नाशिकचंच, १९८९ सालचं, आणि आमच्यासारख्यांसाठीच निघालेलं. अभ्यास आपला आपण करायचा असल्याने पुस्तकात मधे मधे प्रश्न दिलेले असतात. ते आम्ही वाटून घेतले. एकाला चालत्या बसमध्ये वाचलं तरी चक्कर येत नाही, तो मोठ्याने वाचतो, बाकीचे दोघे डोळे मिटून ऐकतात. नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकली की वाचन बंद, प्रश्न सुरू. सिग्नल जितका लांबेल तितके प्रश्न जास्त. मागच्या सीटवरचे फिटर दादा कुठेही प्रवेश न घेता आता आमच्याआधी उत्तर देतात. त्यांनी पुढच्या वर्षी प्रवेश घ्यावा म्हणून आम्ही मागे लागलोय.

पिंपळगाव बसवंत ते नाशिक, मोटारसायकल

दुचाकीवाल्यांना सगळे सांगतात, कानात इअरफोन घालून काहीतरी ऐक. मी ठामपणे सांगतो, घालू नका. मुंबई-आग्रा महामार्गावर मागून येणाऱ्या कंटेनरचा आवाज कानाला यायलाच हवा. तोंड मात्र मोकळं असतं. मी तबला शिकतो. हेल्मेटच्या आत पढंत करतो, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणतो, तेही हाताला पक्क्या बसलेल्या कायद्यांचेच (कायदा म्हणजे तबल्यातली बांधीव रचना). नवीन बोल रस्त्यावर नाहीत, त्यात लक्ष गुंतून पडतं. धा धिं धिं धा, सोळा मात्रा झाल्या की बरोबर सम, म्हणजे पहिली मात्रा, आणि पुन्हा सुरुवातीपासून. आडगाव आलं की गर्दी वाढते, तिथे गप्प. लय पळायची माझी खोड पढंतीने आटोक्यात आली, गुरुजींच्याही ते लक्षात आलं.

मनमाड ते नाशिकरोड, रेल्वे

मी परिचारिका. नाइट ड्युटी करून परतताना झोपते. तो वेळ कामी लावा असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं, पण घरी पोचल्यावर दोन लहान मुलं असतात आणि तिथे झोप मिळत नाही. माझ्यासाठी हाच सर्वांत चांगला वापर आहे. मोबाइलवर गजर, पर्सचा बंद हाताला गुंडाळलेला, आणि रोजच्या एका मावशींना सांगून ठेवलेलं.

पुन्हा मी

पेठच्या बाई, आवणीच्या दिवसांत उजळणी घ्यायची ही कल्पना इगतपुरी-घोटीकडच्या शिक्षकांनाही उपयोगी पडेल, तिकडेही भातच. सिन्नरचे दादा, तुमचा मोठ्याने वाचायचा प्रकार आमच्या पासधारकांच्या डब्यात करून बघायचा आहे. शेजारच्यांना त्रास होत नाही ना? आवाज किती ठेवता? आणि ओझर, दिंडोरीकडून येणारं कुणीच अजून बोललेलं नाही, तुम्हीही लिहा.