मुलीचं नाव ‘अपाला’ ठेवावं का? नेमका अर्थ काय आणि कोणी ठेवलंय का हे नाव?

नवीआई:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे मुलगी झालीये, बारसं व्हायचंय आणि नावावरून घरात सरळ दोन पार्ट्या पडल्यात. मला आणि नवऱ्याला ‘अपाला’ फार आवडलंय. शाळेत गार्गी, मैत्रेयीच्या जोडीला ऋषिका म्हणून हे नाव ऐकलं होतं तेव्हापासून डोक्यात बसलंय, आणि हल्ली जिकडे बघावं तिकडे मायरा, कियारा, अन्वी, म्हणून म्हटलं जरा जुनं, आपल्यातलं आणि फारसं न ऐकलेलं ठेवू. पण सासऱ्यांनी कोश काढला आणि अर्थ निघाला ‘जिला कोणी पालक नाही अशी’. झालं! सासूबाई म्हणाल्या आईबाप धडधाकट असताना पोरीला अनाथ म्हणून हाक मारायची का. त्यांचं बोलणं मनाला लागलंय खरं, कारण त्या उगाच आडवं लावणाऱ्यातल्या नाहीत. बेबी नेम्सच्या साइटवर बघावं तर तिथे ‘अत्यंत सुंदर’ असा अर्थ दिलाय, म्हणजे दोन्हीचा काही मेळच नाही. कोणाला नीट माहीत असेल तर प्लीज सांगा. आत्याने कानात नाव सांगायच्या आत हे मिटायला हवं.

शब्दवेडा:
अभिनंदन ताई! सासऱ्यांचा कोश बरोबर आहे. पाल् म्हणजे राखणं, सांभाळणं, त्यावरूनच गोपाल, भूपाल, द्वारपाल. आधी नकाराचा अ लागला की अपाल, आणि स्त्रीलिंगी अपाला. राखणदार नसलेली, एवढाच सरळ अर्थ. साइटवरचा ‘सुंदर’ बहुतेक तिच्या गोष्टीच्या शेवटावरून आला असावा, शब्दात तो कुठेच नाही, त्यामुळे घरच्यांना तो सांगून पटवायला जाऊ नका, उद्या कोणी विचारलं तर अडचण होईल.

पण हेही बघा, अ लावलेली नावं आपण पिढ्यानपिढ्या ठेवतोय. अनघा म्हणजे पाप नसलेली, अनसूया म्हणजे असूया नसलेली, ही झाली सोपी. अपर्णा म्हणजे शब्दशः ‘पान नसलेली’! पार्वतीने तपश्चर्येत झाडाची गळलेली पानंसुद्धा खायची सोडली म्हणून ती अपर्णा, आणि ते माहीत असल्यामुळे ‘बिनपानाची काय’ असं कोणी म्हणत नाही. अपालाचं अवघड एवढ्यासाठीच झालंय की तिची गोष्ट आपल्याकडे कोणी सांगितलेली नाही. गार्गी, मैत्रेयी बृहदारण्यक उपनिषदातल्या, याज्ञवल्क्यांशी त्यांचे मोठे संवाद आहेत, ते लोकांपर्यंत पोचले. अपाला, घोषा, रोमशा यांची नावं फक्त विदुषींच्या यादीत येतात आणि तिथेच थांबतात, म्हणून ठेवलीही फार कमी जातात.

तर गोष्ट. ऋग्वेदाचं आठवं मंडल, ९१वं सूक्त, फक्त सात ऋचा. पाण्याकडे निघालेल्या एका मुलीला वाटेत सोम (जिचा रस काढून देवांना द्यायचे ती वनस्पती) सापडतो. तो घरी नेता नेता ती म्हणते, तुला इंद्रासाठी पिळते. यज्ञ नाही, पुरोहित नाही, वाटायचे दगडही नाहीत, ती दातांनी चावून रस काढते (‘जम्भसुत’ असा शब्दच आहे तिथे, जबड्याने पिळलेला) आणि सोबत भाजलेलं धान्य, करंभ (पिठाची लापशी), अपूप (पोळीसारखा पदार्थ) देऊन इंद्राला म्हणते, पी. मग मागणं काय, तर तीन जागी उगवू दे. वडिलांच्या डोक्यावर, त्यांच्या शेतात आणि माझ्या अंगावर. हा क्रम बघा ना, आधी वडिलांचं टक्कल, मग शेत, स्वतःचा नंबर सगळ्यात शेवटी! मला हे सूक्त फार म्हणजे फार आवडतं. परंपरेने ती अत्रींची मुलगी, म्हणजे जिला कोणी नाही अशी ती नव्हतीच, वडील होते आणि त्यांची काळजी तीच करत होती. सासूबाईंना हे नक्की सांगा.

सुलभाकाकू:
गोष्ट छान आहे हो पण मी स्पष्टच सांगते, मराठी घरात हाक मारून बघा. अपाला, अपाला, आणि घाईत म्हटलं की ‘पाला’. पोरं शाळेत पालापाचोळा करणार नाहीतर पाल करणार, आणि पाल म्हटली की भिंतीवरचीच आठवते. अर्थाचं पटवता येईल घरच्यांना, वर्गातल्या पोरांना कोण पटवणार? ऋषिकाच हवी तर विश्ववारा बघा, तीसुद्धा अत्रींच्याच कुळातली, पाचव्या मंडलात तिचं अग्नीचं सूक्त आहे. सगळ्यांना हवीहवीशी असा अर्थ होतो आणि लाडाने विशू म्हणता येईल. लोपामुद्रापण सुंदर आहे पण लांब पडतं.

गोदाकाठ:
माझा आक्षेप वेगळाच आहे. शब्दवेडा यांनी गोष्टीचा अर्धाच भाग सांगितला. मी ऐकलेली गोष्ट अशी की तिला त्वचारोग होता, म्हणून नवऱ्याने टाकलं, मग इंद्राने तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या भोकातून तीनदा ओढून काढलं तेव्हा ती तेजस्वी झाली. आता माझी स्वतःची लेक सावळी आहे, तिला सौंदर्याबद्दल काय काय ऐकावं लागतं ते मी रोज बघते. ‘कातडी बदलली आणि मग नशीब उघडलं’ अशी गोष्ट मी नावासोबत पोरीच्या गळ्यात बांधली नसती. मोठी झाल्यावर ती स्वतः वाचेल तेव्हा काय वाटेल तिला?

शब्दवेडा:
गोदाकाठ, मुद्दा रास्त आहे, मी तो टाळायला नको होता. शेवटच्या ऋचेत खरंच आहे, ‘खे रथस्य खेऽनसः खे युगस्य शतक्रतो’, आणि पुढे इंद्राने अपालेला तीनदा शुद्ध करून ‘सूर्यत्वचम्’ केलं. तिचं नावसुद्धा अख्ख्या सूक्तात त्याच ऋचेत येतं. नवऱ्याशी बिनसल्याचा उल्लेखही चौथ्या ऋचेत आहे, ‘पतिद्विषः’, पण कोणी कोणाचा द्वेष केला याचे दोन्ही अर्थ लावले जातात. मात्र त्वचारोग असा शब्द सूक्तात नाही, तो तपशील नंतरच्या कथांनी भरला. बृहद्देवतेत (ऋग्वेदातल्या देवतांच्या कथा सांगणारा जुना ग्रंथ) तर पुढे असंही येतं की निघालेल्या तीन कातड्यांची साळिंदर, घोरपड आणि सरडा झाली. आणि सूर्यत्वच् म्हणजे गोरी नव्हे, सूर्यासारखी झळकणारी. तरीही तुमची काळजी खरी आहे, पुढे जी गोष्ट पसरली ती रूपाचीच पसरली. म्हणून तर मला वाटतं मूळ सात ऋचा मुलीला आपणच सांगाव्यात, दुसऱ्या कोणाकडून ऐकायच्या आधी.

मीच_अपाला:
अरे, हा विषय बघून राहवलं नाही, माझंच नाव अपाला! सुलभाकाकू, पालापाचोळा झाला, पाल पण झाली, तिसरी चौथीपर्यंत रडू यायचं, खोटं कशाला सांगू. नंतर कोणाच्या लक्षातही राहिलं नाही, तशी प्रत्येकाच्याच नावाची काहीतरी चिडवाचिडवी असते. खरा त्रास नंतरचा. फोनवर नाव सांगितलं की समोरचा अपर्णा लिहितो, अपूर्वा लिहितो, एकदा तर पार्सलवर ‘आपला’ आलं, मी डिलिव्हरीवाल्याला सांगतेय हो हो, ते माझंच. इंग्रजीत पी नंतर एकच ए असल्याने नवीन शिक्षक हजेरी घेताना हमखास ‘अपला’ म्हणायचे. हे सगळं धरून सांगते, मला नाव बदलावंसं कधी वाटलं नाही. बाबांनी मला ती सोम चावणारी मुलगी लहानपणीच सांगितली होती आणि मला ती भयंकर आवडायची, कारण ती कोणाची वाट बघत बसली नाही. अर्थ कोणी विचारला की मी सरळ सांगते, राखणदार नसलेली, आणि मग लोक थांबून पुढची गोष्ट विचारतात. घरी सगळे अपू म्हणतात. शाळा कॉलेजात दुसरी अपाला मला भेटली नाही. गोदाकाठ ताई, त्या कातडीच्या भागाचा मला मोठी झाल्यावर राग आला होता, अजूनही येतो, तो भाग लपवून ठेवण्यात अर्थ नाही हे मात्र खरं.

नवीआई:
सगळ्यांचे मनापासून आभार, अपाला ताई तुमचे तर खासच. काल रात्री सासूबाईंना सूक्त वाचून दाखवलं. वडिलांच्या डोक्याचं आलं तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, म्हणजे पोर मायाळू होती. पालक नसलेली हा अर्थ त्यांना अजून टोचतोयच, पण आता ‘नाही म्हणजे नाही’ असं राहिलेलं नाही. नणंदेला मात्र विश्ववारा भारी आवडलंय, त्यामुळे सुलभाकाकू, तुम्ही घरात तिसरी पार्टी काढलीत! इतक्यात ठरेल असं वाटत नाही. एकच शंका, जन्माच्या नोंदणीला उशीर झाला तर नाव अडकतं का? आणि स्पेलिंग ताई म्हणतात तसं पी नंतर डबल ए करू का?

सुलभाकाकू:
नोंदणी आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ग, घाबरू नकोस. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, ती नावाशिवायही होते. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत फी लागत नाही, त्यापुढे लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. त्यामुळे दाखल्यासाठी घाईघाईत नाव ठरवू नका. दाखल्यावर एकदा नाव चढलं की मग बदलायला त्रास, म्हणून स्पेलिंग आधी कागदावर लिहून घरातल्या दोघातिघांना वाचायला दे, कोण काय वाचतंय ते बघ.

मीच_अपाला:
डबल ए कराच. आणि जे ठरेल तेच आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे सेम ठेवा. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर एक आहे आणि आधारवर दुसरं, त्यापायी किती अ‍ॅफिडेव्हिट केलीत विचारू नका.